पीठ मळण्याचे यंत्र निवडताना

घरी पाव आणि बेगल, म्हणजे उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेली पावाची कडी, करण्याची हौस स्तुत्यच आहे. मात्र घट्ट पीठ वारंवार मळल्याने मनगट आणि अंगठ्याचे मूळ दुखू लागते. अशा वेळी हे कष्ट यंत्रावर सोपवणे श्रेयस्कर.

यंत्र निवडताना केवळ वॅटचा आकडा पाहू नये. त्यावरून ते वीज किती ओढते हे कळते. पिठाला किती जोर लावते हे नव्हे. ५०० ग्रॅम मैद्याला साध्या पावासाठी सुमारे ३२५ ग्रॅम पाणी लागते, बेगलसाठी अवघे २७५. यंत्राची खरी कसोटी हे घट्ट पीठच. म्हणून भांडे किती लिटरचे यापेक्षा, घट्ट पीठ एका वेळी किती मळता येते, हे माहितीपत्रकात पाहावे. यंत्र वजनदार, मळण्याचा आकडा भक्कम आणि भांडे जागी घट्ट बसणारे असावे. बेगलचे पीठ थोडे थोडे, मंद गतीने मळावे. मोटर तापल्यास थांबावे.

जड यंत्राला ओट्यावरच कायमची जागा द्यावी. रोजच्या उचलण्याने कंबर दुखावते. घरात दमा असल्यास कोरडे पीठ उडू नये म्हणून झाकण आवश्यक. चालू यंत्रात हात घालू नये.

रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर खरेदीआधी तपासणी करून घ्यावी. त्यामागे मधुमेह वा थायरॉईडचा विकारही असू शकतो. तो यंत्राने बरा होत नाही.