विषयांची निवड डोळसपणे व्हावी

करकंबहून पंढरपूरला किंवा सोलापूरला शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणी चढलेले नसते. प्रवेशाच्या दिवशी त्यांच्या हाती जो अर्ज पडतो, तो आता पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, त्याच्या जोडीस दुय्यम विषय, आणि शिवाय आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय, अशी ही मांडणी आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञान वा वाणिज्य शाखेतील काही शिकावे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्राकडे वळावे, हा तिचा हेतू.

हा हेतू चांगला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु विषय निवडला जातो कसा? ज्यात गुण सहज मिळतात तो, मित्राने घेतला तो, किंवा शिकविणारा उपलब्ध आहे म्हणून महाविद्यालयाने पुढे केला तो. वडील विश्वासाने सही करतात आणि निवडीचा हक्क कागदावरच राहतो.

एकापेक्षा अधिक विद्या कशासाठी, ह्याचे उत्तर बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतच आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तथापि समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र ह्यांचाही त्यांनी अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा आपला निबंध त्यांनी वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात. जातीबाहेर विवाह करण्यास बंदी हेच जातीचे मूळ, हे त्यांनी त्यात मांडले. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ह्या रूढींचा उलगडा समूहातील स्त्रीपुरुषांच्या संख्येचा मेळ राखण्याच्या गरजेतून केला. जो प्रश्न धर्मशास्त्राच्या कुलपात बंद होता, तो अशा रीतीने तपासावयास खुला झाला. पुढे कायद्याचे ज्ञान त्यास जोडले गेले, म्हणूनच समतेचा विचार संविधानाच्या कलमांत उतरला.

हीच दृष्टी आपल्या गावासही लावून पाहा. भीमेवर उजनीचे धरण झाले, परिसरात ऊस वाढला. पाणी कोणाच्या शेतास पोचले, हा भूगोलाचा आणि राजकारणाचा प्रश्न. अति पाण्याने जमीन खारपड का होते, हा रसायनशास्त्राचा. ज्याच्या नावे जमीनच नाही, त्या मजुराच्या हाती ह्या समृद्धीतून काय आले, हा अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा. एकच शास्त्र जाणणारा ह्यातील एकच बाजू सांगेल. आणि आपली बाजू बहुधा न सांगितलेल्या भागात राहील.

ह्या रचनेत एक धोकाही आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा तीत आहे. संपन्न घरच्या मुलास ही सोय आहे. मजुराच्या मुलास मात्र ते घराबाहेर ढकलणारे दार ठरू शकते. मिळविलेले श्रेयांक जमा राहतात हे खरे, पण कामाला जुंपलेला मुलगा परत किती वेळा येतो?

म्हणून पालकांनो, अर्जावर सही करण्यापूर्वी मुलीस विचारा, मुलास विचारा : हा दुसरा विषय कशासाठी? मुख्य विषय साहित्य असेल तर अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्या; विज्ञान असेल तर कायद्याची वा इतिहासाची ओळख करून घ्या. हवा तो विषय नसेल तर चार विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. आणि पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी पदवी पूर्ण होईपर्यंत मुलांस मागे बोलावू नका. निवडीचा अधिकार आपणास फार उशिरा मिळाला आहे. तो दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होणे आपणास परवडणारे नाही.