स्थापनेचे साल कोणते?

धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला की आमच्या वसईत तीन गोष्टी हटकून घडतात. चर्चला नवा रंग लागतो, मंडपवाल्याला विसार दिला जातो आणि स्मरणिकेसाठी एक समिती नेमली जाते. अशा स्मरणिका आम्ही वर्षानुवर्षे आस्थेने जमवीत आलो आहोत. त्यांत आरंभी संदेश असतात, मग प्रमुख धर्मगुरूंचा 'पासून – पर्यंत' असा तक्ता, आणि जाहिरातींच्या गर्दीत कोठेतरी 'आमच्या धर्मग्रामाचा इतिहास' अशी दोन पाने. पोर्तुगीज आले, चर्च उभे राहिले, मराठ्यांच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले, पुन्हा बांधले गेले. अमुक फादरांनी घंटा आणली, तमुक फादरांनी लाद्या बसविल्या. याला इतिहास म्हणण्यास आम्ही तयार नाही. ही इमारतीची दुरुस्तीवही झाली.

हा केवळ साहित्यिक दोष असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या मुलांना महाविद्यालयात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुम्ही ख्रिस्ती कसे झालात?" आणि विचारणाऱ्याजवळ उत्तर तयारच असते. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, गावाने पाणी प्यायले, गाव बाटले. मुलगा घरी येऊन आजोबांना विचारतो. आजोबांनीही तीच गोष्ट त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली असते. स्मरणिका उघडावी तर तिथे घंटा आणि लाद्या!

पावाच्या या दंतकथेत एक सत्य दडलेले आहे, पण ते सांगणाऱ्याच्या मनात असते ते नव्हे. ज्या समाजात पाण्याच्या एका घोटाने माणूस जातीबाहेर फेकला जाई आणि मागे दार लावून घेतले जाई, त्या समाजाचीच ती साक्ष आहे. पावाने फार तर जात जाईल. श्रद्धा कशी येईल? रात्रीत टाकलेल्या एका पावावर पिढ्यान्‌पिढ्या कोणी गुडघे टेकीत नाही.

तथापि, आपल्या बाजूने जो दुसरा इतिहास सांगितला जातो तोही आम्हांला मान्य नाही. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन संन्याशांनी येथे येऊन प्रेमाने सुवार्ता पेरली, असे आपण लिहितो. पेरली हे खरे. संत फ्रान्सिस झेवियर वसईत येऊन गेले, हेही खरे. परंतु त्याच काळात फादर अंतोनियो द पोर्तो यांनी देवळे पाडली आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्याचे चर्च केले, हे आपण गाळतो. १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मसभेने एकीकडे बळजबरीने कोणालाही श्रद्धेत आणू नये असे ठरविले आणि दुसरीकडे देवळांवर व पुजाऱ्यांवर निर्बंध मागितले. या दोन्ही गोष्टी एकाच सभेच्या आहेत. सत्तेने काहींना धाक दाखविला, काहींना सवलती दिल्या, आणि काहींना खरोखरच ख्रिस्त भेटला. एकाच आळीत तिन्ही प्रकारची घरे असतील. आज ती वेगळी काढता येणार नाहीत, आणि काढण्याचे कारणही नाही.

"घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला?" असे आम्हांला आमच्याच एका ज्येष्ठ स्नेह्यांनी बजाविले. दिवस बरे नाहीत, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो. पण कोलीत आपल्या मौनानेच दिले आहे. जे आपण लिहीत नाही ते दुसरे लिहितात, आणि पाव टाकून लिहितात. शिवाय १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, भर मिस्साविधीत, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या सेवेसाठी असत्य मार्ग अवलंबिल्याबद्दल देवाची क्षमा मागितली. पोपमहाशयांना जे उच्चारताना संकोच वाटला नाही, ते आमच्या स्मरणिका समितीला छापता येऊ नये?

आता मूळ मुद्दा. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ ची मानली जाते. इतर जुन्या धर्मग्रामांचीही अशीच साले दर्शनी भिंतीवर कोरलेली असतात. ती साले चर्चच्या इमारतीची, पर्यायाने पोर्तुगीज सत्तेच्या छायेतली. धर्मग्राम म्हणजे तेथली माणसे असे आपण धर्मशिक्षणात मुलांना शिकवितो. मग त्या माणसांनी स्वतःच्या पायांवर उभे राहून 'आम्ही ख्रिस्ताचे' असे कधी म्हटले? आमच्या मते त्याचे साल १७३९ हे आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज फौज तहाच्या अटींनुसार निघून गेली. युरोपीय संन्यासी गेले, किल्ल्यातील चर्चे ओस पडली. त्यांचे भग्न सांगाडे आजही उभे आहेत. धाक सरला, सवलती सरल्या. परतीची वाटही अगदीच बंद नव्हती. काहींना शुद्ध करून परत घेतले गेले, आणि ते गेले त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु आज आपली चर्चे ज्यांच्या वंशजांनी भरतात ती माणसे राहिली. सामवेदी शेतकरी राहिला, वाडवळ बागायतदार राहिला, कोळी राहिला. केळीला पाणी देत, पानवेल राखीत, जाळी विणीत राहिले. हेही न्यायाने सांगितले पाहिजे की नव्या राज्यकर्त्यांनी त्यांना आपला धर्म पाळू दिला. १७६० च्या सुमारास या मुलखात आलेल्या आंकेतील द्यू पेरों या फ्रेंच प्रवाशाने मराठ्यांच्या अमलाखाली ख्रिस्ती लोक उघडपणे मिरवणुका काढताना पाहिले आणि तसे लिहून ठेवले.

या लोकांना सांभाळले ते एतद्देशीय धर्मगुरूंनी, बहुतांशी गोव्याहून आलेल्या. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आम्ही कोठे पाहिली नाही. आणि त्यांच्याही आधी सांभाळले ते घराघरांतील आयांनी. लुगडे नेसून, आपल्याच बोलीत लग्नाची गाणी म्हणत, सांजवेळी क्रूसापुढे पणती लावून त्यांनी जे टिकविले त्याला तक्त्यात रकानाच नाही. पुढे आपण गोव्याचे, १८८६ पासून दमणचे, १९२८ नंतर मुंबईचे आणि १९९८ पासून वसई धर्मप्रांताचे झालो. बिशप बदलले, आळीतला क्रूस जागचा हलला नाही.

या माणसांची नावे कोठे मिळतील? स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या, मयतांच्या नोंदवह्यांत. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. १९८३ च्या धर्मविधीसंहितेचा ५३५ वा नियम जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करावयास सांगतो. आणि आपण काय करतो? एका धर्मग्रामात (नाव घेत नाही) आम्ही एका नोंदवहीची चौकशी केली, तेव्हा कपाटाच्या तळाशी, फाटक्या आल्तारवस्त्रात गुंडाळलेले एक बाड निघाले. वाळवीने मधली पाने जाळीसारखी केली होती. त्याच वर्षी तेथे रोषणाईवर किती खर्च झाला, हे स्मरणिकेत मोठ्या अक्षरांत छापले होते.

म्हणून आमचे मागणे असे आहे. पुढचा महोत्सव ज्या धर्मग्रामाचा असेल त्याने मंडपाला विसार देण्याआधी ते कपाट उघडावे. वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या कोणाला तरी मानधन देऊन बसवावे, आणि आळीआळीतल्या वृद्ध स्त्रियांकडे तरुणांना वही-पेन्सिल घेऊन पाठवावे. त्यासाठी जाहिरातींची चार पाने कमी करावी लागली तर ती पहिल्यांदा आमच्या त्रैमासिकाची करावीत, आमची हरकत नाही.