नात्याची बेडी

सहारांतील तुआरेग समाजाविषयीं लिहितांना कांहीं पंडित मोठ्या कौतुकानें सांगतात कीं, तेथील गुलामगिरी सौम्य होती. 'इक्लान' म्हणजे गुलामवर्ग. त्यांना धनी घरचींच माणसें मानी व तीं त्याला बाप म्हणत. जाच असह्य झाल्यास दुसऱ्या एखाद्याच्या उंटाचा कान कापून त्याच्या पदरीं जाण्याची मुभाही रूढीनें त्यांना दिली होती.

यावर आमचा साधा सवाल असा कीं, ज्याला धनी बदलतां येतो पण धनी नाकारतां येत नाहीं, त्याला स्वतंत्र कोण म्हणेल? आणि हें पितृत्व तरी कसलें? या 'मुलां'ना वारसा मिळत नसे. उलट त्यांनीं जमविलेली चीजवस्तु त्यांच्यामागें धन्याकडे जाई. दासीचें मूलही तिच्या धन्याचेंच होई. नातें जिभेवर होतें, मालकी व्यवहारांत होती.

फ्रेंच सरकारनें १९०५ सालीं पश्चिम आफ्रिकेंत माणसांच्या क्रयविक्रयास बंदी केली. परंतु वाळवंटांतील सरदार दुखावतील या भयानें अंमलबजावणीकडे डोळेझाक केली. हा घरगुती मामला आहे, ही सबब तयारच होती!

या सबबीचें फळ पाहा. तुआरेगांच्या गुलाम-कुळांतील मुली हौसा धनिकांना 'वहाया', म्हणजे चार पत्नींखेरीज पांचवी, म्हणून विकण्याचा प्रघात नायजर देशांत चालत आला. हदिजातू मनी ही १९९६ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, अशीच २,४०,००० फ्रँकांना विकली गेली. २००३ सालीं नायजरनें गुलामगिरी हा दहा ते तीस वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरविला. २००५ मध्यें धन्यानें तिला मुक्तिपत्र दिलें. पण ती निघून जातांच 'ही माझी बायको' असा दावा त्यानें मांडला. तिनें दुसरें लग्न केलें, तेव्हां २००७ सालीं द्विविवाहाबद्दल तिलाच सहा महिन्यांची कैद झाली! अखेर २७ ऑक्टोबर २००८ रोजीं पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक संघाच्या न्यायालयानें नायजर सरकारला दोषी धरून तिला एक कोटी फ्रँक देण्याचा हुकूम केला.

कायदा गुलामगिरीवर उठला, तेव्हां ती विवाहाच्या बुरख्याआड लपली. साखळदंड निदान डोळ्यांना दिसतो. 'बाप' आणि 'बायको' या शब्दांची बेडी न्यायाधीशालाही दिसली नाहीं. एखादी दास्यप्रथा सौम्य कीं क्रूर, हें दास घरांत राबत असतांना कळत नाहीं. तो उंबरठा ओलांडूं लागला म्हणजे कळतें. सौम्यतेचीं प्रशस्तिपत्रें लिहिणाऱ्या पंडितांनीं ती कसोटी प्रथम लावावी.