विश्लेषण : लिनक्सवर इंटरनेट बंद, दोष नेमका कुठे?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना, पण धडधाकट संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकण्याचा पर्याय त्यामुळे अनेकांपुढे आला. मात्र एखाद्या दिवशी इंटरनेट चालेनासे झाले, की ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून सगळी यंत्रणा पुसून टाकली जाते. दोष मात्र अनेकदा एका ओळीचा असतो.

सुरुवात कुठून?

संगणकापासून नव्हे, फोनपासून. मोबाइल डेटा बंद करून फोन त्याच वाय-फायला जोडावा. तिथेही इंटरनेट नसेल, तर दोष राउटरचा किंवा सेवा कंपनीचा. लिनक्सला हात लावण्याची गरज नाही.

पत्ता मिळाला का?

फोनवर चालते आणि संगणकावर नाही, तर टर्मिनल उघडावे. ‘आयपी’, मग जागा सोडून ‘ए’ अशी आज्ञा दिली की संगणकाची जोडणी साधने दिसतात. १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता, तो मोजू नये. वाय-फायपुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर तो बहुधा राउटरने दिलेला असतो. पत्ताच नसेल, तर पासवर्ड तपासून पुन्हा जोडणी करावी. यादीत वाय-फायच नसेल, तर ड्रायव्हरचा प्रश्न. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करावे आणि त्या इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

अडते कुठे?

‘ए’ऐवजी ‘आर’ दिल्यास ‘डीफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीत राउटरचा पत्ता मिळतो. त्याला ‘पिंग’ करावे. लिनक्सवर पिंग आपोआप थांबत नाही; कंट्रोल आणि सी दाबून थांबवावे लागते. उत्तर आले, की ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग करावे. इथेही उत्तर आले, पण संकेतस्थळाच्या नावाला आले नाही, तर दोष डीएनएसमध्ये. डीएनएस म्हणजे नावावरून क्रमांक सांगणारी इंटरनेटची नोंदवही. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएससमोर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून जोडणी बंद-चालू करावी. उबुंटूत डीएनएसच्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसते, ती चूक नव्हे, ती यंत्रणेचीच व्यवस्था आहे.

सगळे ठीक, तरी पान उघडत नाही?

घड्याळ पाहावे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली, की तारीख काही वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. तारीख दुरुस्त केली, की पाने उघडतात.

घाई का नडते?

जुन्या लेखांतील ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा आज अनेक वितरणांत आधीपासून बसवलेली नसते. डीएनएसची फाइल हाताने बदलली, तर पुढच्या जोडणीत ती पुन्हा लिहिली जाते. अर्थ न समजता चिकटवलेल्या आज्ञांनी मूळ दोष राहतो आणि नवे दोन जडतात. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि आधीची नोंद वहीत ठेवावी. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यंत्रणा नव्याने टाकण्यात दुपार घालवण्यापेक्षा ही दहा मिनिटांची तपासणी स्वस्त पडते. फुकटच्या प्रणालीची किंमत एवढीच : आधी पाहायचे, मग हात लावायचा.