घर कोणाचे, नकाशा कोणाचा?

नवे घर बांधताना जेवढी भांडणे होतात त्यापेक्षा जुने घर सुधारताना अधिक होतात, हे कोणताही जाणता गवंडी सांगेल. नव्या घराच्या वेळी जागा मोकळी असते आणि मनही बरेचसे मोकळे असते. दुरुस्तीच्या वेळी घरात माणसे राहत असतात, स्वयंपाक चालू असतो, आणि एकेका भिंतीवर दोन-दोन पिढ्यांचा हक्क असतो. अशा घरात वास्तुविशारद कागदाची गुंडाळी काखेत मारून शिरतो आणि 'ही भिंत जाईल' असे शांतपणे सांगतो, तेव्हा वादाचा पहिला चिरा बसलेला असतो.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातले धनज आणि त्याच्या आसपासची गावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जाड मातीच्या भिंतींची, लाकडी खांबांची, धाब्याची किंवा कवेलूंची घरे येथे पूर्वापार होती. आता त्यांच्या जागी, किंवा त्यांच्याच अंगावर, स्लॅब येतो आहे. हा बदल घडवणारा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक असतो, तलाठी कार्यालयातला कारकून असतो, नाहीतर पुण्यात नोकरीस लागलेल्या मुलाचा शेतकरी बाप. आयुष्यभराची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदाच हाती येते आणि ती एकदाच खर्च होते. म्हणूनच या तंट्याला श्रीमंतांच्या घरसजावटीची कुरबुर म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नाही.

वादाचे पहिले कारण भाषेचे आहे. घरमालक खणांत विचार करतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर पाच खणी की सात खणी, यावरून त्याला घराचा आवाका कळतो. वास्तुविशारद चौरस फुटांत बोलतो. हा केवळ मोजमापाचा फरक नव्हे. खणांच्या घरात पुष्कळदा छताचे ओझे लाकडी खांबांवर असते आणि भिंत आडोशापुरती असते. विटांच्या आजच्या घरात भिंतच ओझे वाहते. खोली मोठी दिसावी म्हणून मालक मधला खांब काढायला सांगतो, कारण तो त्याला अडचणीचा वाटतो. भिंत दोन हात जाड आहे, तिला काय होणार, अशी त्याची खात्री असते. उलट शहरातून आलेला तरुण वास्तुविशारद भिंतीलाच आधार समजून तिच्यावर हिशेब मांडतो. दोघेही चुकतात, आणि चूक कळते ती पहिल्या मोठ्या पावसात.

'याच भिंतींनी धाबे पेलले, मग स्लॅब का पेलणार नाहीत?' हा मालकाचा हुकमी प्रश्न. तो मूर्खपणाचा मुळीच नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीवरचा ५ इंची स्लॅब साधारण साडेतीन टन भरतो, आणि त्याच खोलीवरचे फूटभर मातीचे धाबे त्याहूनही जड असते. तेव्हा नुसत्या वजनाचा मुद्दा काढून वास्तुविशारद सुटू शकत नाही. त्याने समजावून सांगायला हवे ते असे की धाब्याचे वजन खांबांवाटे जमिनीत जात होते, आता ते ओल लागलेल्या मातीच्या भिंतीच्या माथ्यावर येणार आहे. शिवाय उन्हाने स्लॅब फैलावतो-आकसतो आणि भिंतीला ढकलतो. एवढे चार वाक्यांत सांगता येते. पण 'तुम्हाला ते कळणार नाही' हे एकच वाक्य अधिक सोयीचे पडते, आणि तेच बहुधा ऐकू येते.

दुसरे कारण पायाखालचे आहे. वऱ्हाडाची काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पीक तिच्यावर पोसते, घर मात्र तिच्यावर हलते. या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या पायखांबांची पद्धत फार वर्षांपूर्वी विकसित केली; साध्या घराला भेगांच्या खाली जाणारा पाया, मुरमाचा भराव आणि जोत्याशी सलोह काँक्रीटचा पट्टा एवढ्यावरही पुष्कळ भागते. पण हा सारा खर्च जमिनीत गाडला जातो. पाहुण्याला दाखवता येत नाही. मग मालक म्हणतो, पाया दोन फुटांवर थांबवा आणि उरलेल्या पैशांत पुढच्या खोलीला चांगली फरशी बसवा.

त्याहून चमत्कारिक तंटा जुन्या घराला जोडून नवी खोली काढताना होतो. जुना भाग त्याच्या पायावर पन्नास वर्षे बसलेला असतो. नवा भाग अजून बसायचा असतो. दोन्ही भाग सारखे खचत नाहीत. जाणता वास्तुविशारद दोहोंच्या मध्ये मुद्दाम बोटभर सांधा मोकळा ठेवतो. मालकाला ती फट दिसते. 'एवढे पैसे घेऊन घराला फट ठेवली' असा बोभाटा गावभर होतो, आणि एक दिवस मिस्त्रीला हाताशी धरून ती सिमेंटने बुजवली जाते. पुढच्या वैशाखात भिंतीला उभी चीर पडली की तिचाही दोष नकाशा काढणाऱ्याच्याच माथी बसतो. येथे माझी सहानुभूती सर्वस्वी वास्तुविशारदाकडे आहे.

पण ती सर्वत्र त्याच्याकडे नाही. घरात कसे राहायचे, याचे ज्ञान त्याच्यापाशी नसते आणि ते नाही हे मान्य करण्याची तयारीही क्वचितच असते. ओसरी ही त्याला वाया गेलेली जागा वाटते. ती 'हॉल'मध्ये सामावून घेतली की नकाशा सुटसुटीत दिसतो. परंतु वेचून आणलेला कापूस कोठे पडतो, म्हातारा माणूस दुपारी कोठे टेकतो, आल्यागेल्याला घरात न घेताही बसवायचे कोठे, या प्रश्नांचे उत्तर ती ओसरीच देत असते. पारा ४४-४५ अंशांवर चढणाऱ्या या मुलखात जाड भिंत आणि मातीचे छत काय करत होते, ते स्लॅबखाली पहिला उन्हाळा काढल्यावर उमगते. मग खिडकीत कूलर बसतो, आणि त्याला लागणारे पाणी त्याच महिन्यांत मिळेनासे झालेले असते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांनी मीस व्हान डेर रोह या जगद्विख्यात वास्तुविशारदाकडून नदीकाठी काचेच्या भिंतींचे घर बांधून घेतले. ते १९५१ साली पुरे झाले आणि खर्चावरून प्रकरण न्यायालयात गेले. मीस यांनी थकलेल्या पैशांसाठी दावा लावला, डॉक्टरबाईंनी उलट दावा केला. १९५३ मधला कौल मीस यांच्या बाजूने होता. पुढे तडजोड झाली. जगभरचे विद्यार्थी आज ते घर अभ्यासतात. त्यात राहणाऱ्या बाईंना मात्र काचेच्या पेटीत उघडे पडल्यासारखे वाटे.

आपल्याजवळचे उदाहरण याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मेली, ती मुख्यतः गोल दगडांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. आखणी सरळ रस्त्यांची होती. शेतकऱ्याच्या गुरांना, कडब्याला आणि भाऊबंदांच्या शेजाराला तिच्यात पुरेशी जागा सापडली नाही, आणि लोकांनी ती आपापल्या परीने पुढे-मागे बांधून काढली. ज्या गावांत घरे उभी राहिली होती तेथे तज्ज्ञांचा सल्ला होता की जुने घरच बळकट करावे: माळवदावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार बांधदगड घालावेत, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवावा. सल्ला शास्त्रशुद्ध होता आणि स्वस्तही होता. तरीही अनेकांनी मदतीच्या पैशांत जुन्या घराला हात न लावता शेजारी विटांची एक लहान खोली उभारली. ज्या दगडाने शेजाऱ्याचे लेकरू चिरडले त्याच दगडाखाली पुन्हा झोपायला कोण तयार होणार? भिंतीचा हिशेब बरोबर होता. भीतीचा हिशेब त्यात धरलेलाच नव्हता.

आता पैशाचे. वास्तुविशारदाचे शुल्क बहुतेक वेळा खर्चाच्या टक्क्यांत ठरते. नव्या इमारतीला ती रीत चालून जाईल. दुरुस्तीच्या कामाला ती अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या घरात खरे कौशल्य काय पाडायचे नाही हे ओळखण्यात असते, आणि टक्केवारीच्या रीतीत नेमके ते ओळखणाऱ्याची मिळकत घटते. टप्प्याटप्प्याने द्यायची ठरीव रक्कम हाच येथे न्याय्य मार्ग होय. व्यवसायाचे १९८९ चे वर्तननियम कामाच्या अटी ग्राहकाला आधी सांगाव्यात असे बजावतात आणि दलालीला मनाई करतात. पण किती घरमालकांना असे नियम आहेत हेच ठाऊक असते? वास्तुविशारद कायदा १९७२ चा. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' ही पदवी लावता येणार नाही, मात्र नकाशे काढण्याचे काम करायला हा कायदा त्याला अडवत नाही. म्हणजे पाटीवर काय लिहिले आहे ते वाचण्याची जबाबदारी शेवटी आपलीच आहे.

घरमालकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. नकाशा काढून घ्यायचा, दुसरा हप्ता आला की वास्तुविशारदाला टाळायचे आणि काम मिस्त्रीवर सोडायचे, हा प्रकार सर्रास चालतो. मुलगा मोबाईलवरून दर आठवड्याला नवे चित्र धाडतो आणि जिना पूर्वेचा पश्चिमेस जातो. वास्तुशास्त्र सांगणारा येतो तो तर हटकून जोते भरल्यावरच. (त्याची दक्षिणा मात्र कोणी थकवत नाही.) बदल करण्याचा हक्क मालकाचा, हे कबूल, पण बदलाची किंमत मोजण्याची पाळी आली की तो तोंडी अंदाजाचा कागद पुढे करतो, हे कसे चालेल?

भार, पाया आणि पाणी या बाबतींत वास्तुविशारदाचा शब्द अखेरचा. चूल, ओसरी, देवघर आणि गोठा यांत घरच्यांचा. पहिली कुदळ पडण्यापूर्वी एवढी वाटणी कागदावर व्हावी, जुन्या घराचा मोजून काढलेला नकाशा तिला जोडलेला असावा, आणि मधल्या प्रत्येक बदलाची किंमत तो बदल करण्याआधी लिहिली जावी. कागद मराठीत असावा. त्यावर घरधन्याइतकीच घरातल्या बाईचीही सही असावी, कारण ओट्याची उंची आणि न्हाणीचे दार यांवरून होणारा वाद तिला कोणी विचारले नाही म्हणूनच पुष्कळदा काम संपल्यावर सुरू होतो.