आजीबाईंची घंटी

आमच्या एका विद्यार्थ्याने तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आपल्या आजीसाठी गळ्यात अडकविण्याचे बटण तयार केले. ते दाबले की तिसऱ्या मजल्यावरील त्याच्या घरी बिनतारी घंटी वाजावी, अशी योजना होती. सर्किट बोर्डाची आखणी त्याची स्वतःची. टेबलावर घंटी बिनचूक वाजे. दुसऱ्या मजल्यापलीकडे मात्र मुकी होई. आजीबाई म्हणाल्या, "अरे बाबा, त्यापेक्षा मी हाकच मारीन." परंतु ज्या दिवशी हाक मारण्याचे बळ नसेल, त्याच दिवसासाठी तर हा खटाटोप होता!

विद्यार्थ्याने चिपला दोष देऊन दुसरी मागविण्याचे ठरविले. अशा वेळी आम्ही पुरावा मागतो. नवी बॅटरी घातली. प्रोग्राममध्ये प्रक्षेपणाची शक्ती पूर्ण ठेवली आहे ना, हेही पाहिले. फरक पडेना. मग चिप आणि अँटेना यांची फारकत केली. मधला जोड सोडवून तेथे बारीक कोॲक्सिअल केबल डाख देऊन जोडली व प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रम ॲनालायझरला लावली. अपेक्षित शक्ती १ मिलिवॅट, म्हणजे ० डीबीएम. जवळजवळ तितकीच मिळाली. चिप निर्दोष सुटली.

राहिला अँटेना. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२.५ सेंटिमीटर लांब असते. तांदळाच्या दाण्याएवढ्या अँटेनाने ती हवेत सोडावयाची, तर भोवती मोकळी जागा हवी. उत्पादकाच्या आराखड्यात ती चौकट दाखविलेली असते. येथे आखणीच्या सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी आपोआप तांबे भरले होते, आणि तेही नेमके अँटेनाखाली! अशा तांब्यामुळे अँटेनाचा मेळ भलत्याच वारंवारतेशी बसतो व बरीचशी शक्ती चिपकडेच परतते. बोर्ड दोनच थरांचा, म्हणून ते तांबे चाकूने खरवडता आले. चार थरांचा असता, तर नवाच करवून घ्यावा लागता.

दुसऱ्या मजल्यावरील आकडा उणे ९२ वरून उणे ८० डीबीएमवर आला. बारा डेसिबेलांची वाढ म्हणजे सुमारे सोळापट शक्ती. तिसऱ्या मजल्यावर घंटी वाजली. तथापि बटण आजीबाईंच्या गळ्यात जाताच ती पुन्हा अडखळू लागली, कारण शरीरातील पाणी ही लहर शोषते आणि अँटेनाचा मेळही बिघडविते. म्हणून अँटेनाजवळील कपॅसिटर व कॉईल यांची अखेरची जुळवणी टेबलावर करून भागत नाही. दोन दुपारी आजीबाईंस खुर्चीवर बसवून, दर वेळी डबी बंद करून, चार निरनिराळे कपॅसिटर लावून पाहिले. त्या कंटाळल्या नाहीत. विद्यार्थ्याची आई मात्र घंटी वाजली की प्रत्येक वेळी जिना उतरून धावत येई.