तारप्याच्या नाचाला ‘वर्तुळ’ म्हणू नये

१/ तलासरी-डहाणूच्या वारली पाड्यांवरील तारपा नाचाचे वर्णन बहुतेक माहितीपुस्तिकांत एकाच साच्याचे असते : मधोमध वादक, भोवती वर्तुळ करून नाचणारे स्त्री-पुरुष. वाक्य सोपे आहे, पण नाचाची रचनाच त्यातून निसटते.

२/ वर्तुळाला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. या नाचाला दोन्ही आहेत. कमरेमागे हात गुंफलेल्या माणसांची ही साखळी मोकळी असते. तिच्या एका टोकाला म्होरक्या असतो. तो घुंगरांची काठी जमिनीवर आदळत चालतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांतून घडलेल्या तारप्याचा सूर बदलला की म्होरक्या दिशा बदलतो आणि त्याच्यामागे सगळी साखळी वळते, आत गुंडाळली जाते, पुन्हा उलगडते. पुंगीमागे नागाने डोलावे तसे हे चालते. तारप्याकडे पाठ मात्र कोणी करीत नाही. हा एकच नियम ध्यानात घेतला तरी वळणांचा आकार उमगतो.

३/ सूर आणि पदन्यास यांच्या प्रत्येक मेळाला वारली माणूस ‘चाळा’ म्हणतो. देवांचा चाळा, बायांचा चाळा, रानोडी चाळा. प्रमाण मराठीत ‘चाळे’ म्हटले की कपाळावर आठी उमटते. तोच शब्द इथे शास्त्रीय संज्ञेचे काम करतो. ‘स्टेप’ हा शब्द त्याच्या जागी बसवणाऱ्यांनी एवढे पाहावे की चाळ्यात सूर आणि पाय वेगळे काढता येत नाहीत.

४/ तुलनेसाठी दूरचे उदाहरण. जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये लंडनमध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ छापले. त्यात स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी निरनिराळ्या खुणा होत्या आणि समोरासमोरच्या रांगांत कोणी कुठे उभे राहायचे हे आखून दिले होते. त्याच परंपरेतून पुढे अमेरिकेत रुजलेल्या काँट्रा नाचात जोड्यांना ‘पहिली’, ‘दुसरी’ असे क्रमांक मिळतात आणि पुकारणारा पुढची हालचाल ओरडून सांगतो. अलीकडे तिथल्या अनेक मंडळांनी ‘जंटलमन’ आणि ‘लेडी’ सोडून डाव्या बाजूच्या नर्तकाला ‘लार्क’, उजव्या बाजूच्या नर्तकाला ‘रॉबिन’ अशी पाखरांची नावे दिली. पुरुषाने डावीकडेच उभे राहावे ही सक्ती नको, म्हणून. आपल्या संज्ञांवर इतके भांडण व्हावे, ही त्या नाचाच्या जिवंतपणाची खूण होय.

५/ तारप्यात जोडीची जागाच नाही. स्त्री-पुरुष एकाच साखळीत असतात आणि पुकारणाऱ्याचे काम वाद्य करते. म्हणून संमेलनाच्या मंचासाठी हा नाच ‘बसवताना’ जोड्या पाडणे, प्रेक्षकांकडे तोंड करून अर्धगोल उभा करणे, हा किरकोळ फेरफार नव्हे. पाठ न करण्याचा नियम वाद्याकडून प्रेक्षकांकडे सरकतो आणि तारपा पार्श्वसंगीत होऊन बसतो. मंचाला आक्षेप नाही. त्या बदललेल्या नाचालाच ‘पारंपरिक’ म्हणून पाठ्यपुस्तकात नेण्याला आहे.

६/ वारल्यांकडे प्लेफर्डचे पुस्तक नव्हते, भिंत होती. लग्नघरच्या चित्रांत सुवासिनी जो तारपा नाच काढीत आल्या, त्यात दोन त्रिकोणांची माणसे वेटोळ्यावर आडवी-तिरपी मांडलेली असतात, जणू वरून पाहिलेली. स्त्री अंबाड्यावरून ओळखू येते. वेटोळ्याचे टोक मोकळे असते आणि तारपावाला आत असतो. तलासरी तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ते वेटोळे जगभर पोहोचले. आता ते चहाच्या कपांवर आणि चादरींवर छापले जाते. छापणारे पुष्कळदा दोन टोके जुळवून त्याचे नीटनेटके वर्तुळ करून टाकतात.

७/ पावसाळा सरताना भात पिकू लागते आणि पाड्यावर तारपा वाजू लागतो. वर्णन लिहू इच्छिणाऱ्याने त्या दिवसांत जावे, चाळ्यांची नावे तारपा वाजवणाऱ्याकडूनच विचारून घ्यावीत आणि ती जशी ऐकली तशीच लिहावीत.